अंगठ्याची गैरहजेरी

डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव चौदावं होतं. यादी टक्केवारीनं लावलेली होती. म्हणजे एकशे वीस जणांच्या वर्गात माझ्याहून कमी हजेरी असलेले फक्त तेरा लोक होते. त्यातल्या दोघांनी म्हणे दुसऱ्याच कॉलेजात प्रवेश घेतला होता आणि एक मुलगी लग्न होऊन मस्कतला गेली होती. माझ्या नावापुढे आकडा होता, एकतीस टक्के. खाली लाल शाईत सूचना होती की पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांना हॉल तिकीट मिळणार नाही.

मी यादी तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. गवाणकर नंदकिशोर सीताराम. या नावाचा दुसरा विद्यार्थी असण्याची शक्यताच नव्हती, कारण मुलांची नावं नंदकिशोर ठेवणं लोकांनी सोडून दिल्याला चाळीसेक वर्षं झाली असावीत.

मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. का, ते विचारू नका. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस दिवसभर घरात बसला की त्याच्या हातून स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलतात, आणि मग घरातूनच त्याच्यासाठी काहीतरी शोधलं जातं. बहुतेकांना हास्यक्लब मिळतो. मी सीईटी दिली, पास झालो आणि नाहूर स्टेशनपासून सात मिनिटांवर असलेल्या कॉलेजात सकाळी साडेसातच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसू लागलो. चार महिन्यांत एक लेक्चर चुकवलं नव्हतं. मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याला मी अंगठ्या घालून झाल्यावर पोचलो, कारण त्या दिवशी नुकसानभरपाईवर जादा तास होता. मेहुणी अजून माझ्याशी तुटक बोलते.

तर मग एकतीस टक्के कुठून आले? ते यंत्रातून आले.

आमच्या वर्गाच्या दाराशी भिंतीवर एक यंत्र आहे. त्यावर अंगठा ठेवायचा, ते हिरवं झालं की तुम्ही हजर. माझ्या अंगठ्याला ते क्वचितच हिरवं व्हायचं. एरवी लाल होऊन, पुन्हा प्रयत्न करा, असं बायकी आवाजात सांगायचं. मी पुन्हा प्रयत्न करायचो. मागे रांग लागायची. निधी नावाची एक मुलगी नेहमी माझ्या मागे असायची. ती म्हणायची, "काका, सोडा ना, सरांना दिसताय की तुम्ही." मलाही ते पटायचं. साडेपाच फूट उंचीचा, टक्कल पडलेला माणूस पहिल्या बाकावर बसलेला असताना तो तिथे आहे की नाही याबद्दल वाद होईल, असं मला वाटलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे ज्यांचे अंगठे रोज हिरवे होत, त्यातली निम्मी मुलं वर्गात नसायचीच. सव्वासातला यायची, अंगठा लावायची आणि खाली कॅन्टीनला किंवा कुठल्यातरी वकिलाच्या ऑफिसात कामाला निघून जायची. त्यांचा अंगठा यायचा आणि ती यायची नाहीत. मी यायचो आणि माझा अंगठा यायचा नाही. कॉलेजच्या लेखी महत्त्व अंगठ्याला होतं.

मी ऑफिसात गेलो. तिथे श्वेता मॅडम बसतात. वय तिशीच्या आत, पण हॉल तिकिटांच्या चाव्या त्यांच्याकडे असल्यामुळे सगळे त्यांना मॅडम म्हणतात.

"काका, सिस्टीममध्ये तुम्ही नाही आहात," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या.

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

"इथे आहात हो. लेक्चरला नव्हतात."

मी माझी वही पुढे केली. तारीखवार, समासात लाल रेघ, एकही दिवस सुटलेला नाही. मॅडमनी ती कौतुकानं चाळली. "अक्षर छान आहे," म्हणाल्या. "पण वही कुणाचीही असू शकते ना. सवलत तीन कारणांसाठी मिळते. आजारपण, एनएसएस किंवा स्पोर्ट्स." मग माझ्याकडे एकवार वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी तिसरं कारण स्वतःच सोडून दिलं. "शनिवारपर्यंत द्या काय ते."

हे मी घरी सांगणार नव्हतो. पण लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा राजेश भेटला, आणि राजेशला एखादी गोष्ट न सांगणं मला बावीस वर्षांत जमलेलं नाही. तो चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काय रे, वाट लागली वाटतं?" आणि माणूस बोलून जातो. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत निम्मं सांगितलं आणि चौथ्यावर दार धरून उरलेलं.

संध्याकाळपर्यंत माझी आई सोडून आमच्या मुलुंडच्या सगळ्या बिल्डिंगला कळलं की गवाणकरांचा अंगठा उमटत नाही. मग सल्ले यायला लागले. एका बाईंनी सांगितलं, रात्री लिंबाची साल चोळून झोपा. दुसऱ्या म्हणाल्या, साल नको, तुरटी. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ रेशनच्या यंत्राचे अनुभवी होते. त्यांनी मधल्या बोटाचा आग्रह धरला आणि मला त्यांच्या मधल्या बोटाचा बारा वर्षांचा इतिहास सांगितला. राजेशचं म्हणणं होतं, कातडी कोरडी पडली आहे, तिला तेल पाहिजे. "खोबरेल लाव, भरपूर. झकास काम होईल."

मृणालिनी, म्हणजे माझी बायको, भाजी चिरत ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, छत्तीस वर्षं पत्रं सॉर्ट केलीत. त्या कागदांनी अंगठा घासून गेलाय. तेल लावून परत थोडाच येणार आहे?"

हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण नवरा म्हणून मला ते लगेच मान्य करता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अंगठ्याला खोबरेल तेल चोळून गेलो आणि यंत्रावर दाबून धरला.

यंत्र लाल झालं नाही, हिरवंही झालं नाही. ते गप्प झालं. माझ्यामागे निधीनं अंगठा ठेवला, तो सटकला. तिच्यामागच्यांचेही सटकले. तेल काचेवर पसरून आत कुठेतरी कडेनं शिरलं होतं. शिपायानं आधी रुमालानं, मग फळ्याच्या डस्टरनं पुसलं. डस्टरनं पुसल्यावर काचेवर तेल आणि खडूची भुकटी यांची जी पेस्ट तयार झाली, तिच्यावर यंत्राला एकही मनुष्यप्राणी ओळखता येईना. त्या दिवशी त्रेचाळीस जणांची हजेरी लागली नाही. फक्त अंगठा लावायला पवईहून आलेल्या एका मुलानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

त्यानंतर मी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणलं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं की वयोमानानं आणि कामाच्या स्वरूपामुळे रुग्णाच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत.

श्वेता मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं. "यात बेड रेस्ट किती दिवस आहे?"

"बेड रेस्ट नाही. मी वर्गात होतो."

"वर्गात होतात तर मेडिकल कशाला आणलंत?"

"वर्गात होतो हे यंत्राला कळत नाही, म्हणून."

"काका, नीट ऐका." त्या खरोखर समजावून सांगत होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. "मेडिकल गैरहजर माणसासाठी असतं. तुम्ही आजारी होतात, म्हणून आला नाहीत, असं असेल तर मी ते धरू शकते. तुम्ही आलेलात असं म्हणालात तर मी काहीच करू शकत नाही."

थोडक्यात, मी आलो होतो असं म्हटलं तर परीक्षा नाही, आणि आलो नव्हतो असं म्हटलं तर आहे. चार महिने मी कायदा शिकत होतो, पण तो एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता.

राजेशला हे सांगितलं तेव्हा त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "मग आजारी पड," तो म्हणाला. "टायफॉइड घे. टायफॉइडला कुणी विचारत नाही."

"किती दिवसांचा?"

त्यानं कागदावर हिशेब केला. एकतीसवरून पंचाहत्तरवर यायला साधारण सात आठवडे लागत होते. "टायफॉइड तीन आठवडे चालेल," तो म्हणाला. "पुढे त्याच्यातच कावीळ टाकू. होतं असं. माझ्या साडूला झालं होतं."

राजेशच्या ओळखीचा एक डॉक्टर होता. त्यानं माझं तोंडही न पाहता मला चार ऑगस्ट ते वीस सप्टेंबर आजारी ठरवलं. ते सर्टिफिकेट घरी आणलं तेव्हा मृणालिनी म्हणाली, "वकील व्हायच्या आधीच सुरू?" मी म्हटलं, दुसरा मार्ग नाही. ती म्हणाली, "तब्येतीबद्दल खोटं लिहू नये. लागतं ते." आणि त्या दिवसापासून तिनं खबरदारी म्हणून माझ्या पोळीवरचं तूप बंद केलं.

ते सर्टिफिकेट मी टेबलावर ठेवलं आणि ते माझ्या आईनं पाहिलं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिचं नाव मालन. मालवणजवळच्या गावातून लग्न होऊन विक्रोळीच्या चाळीत आली, वडील गिरणीत होते, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. तिला मराठी अक्षर लावून वाचता येतं, पण सर्टिफिकेट इंग्रजीत होतं. म्हणून ती ते घेऊन शेजारच्या बाईंकडे गेली. त्या बाईंनी वाचून सांगितलं, कावीळ.

कावीळ तीन महिन्यांपूर्वीची आहे, हा तपशील मागे पडला. आईनं मला खुर्चीत बसवून डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. शेजारून पपई आली. पहिल्या मजल्यावरचे बोटवाले गृहस्थ मुळ्याची जुडी घेऊन आले. आई रोज सकाळी खालच्या गाडीवरून उसाचा रस मागवून माझ्यासमोर उभी राहून तो संपवून घेऊ लागली. मी तिला खरं सांगायला हवं होतं. पण आईला काविळीबद्दल खरं सांगायचं तर हजेरीबद्दलही सांगावं लागलं असतं, आणि एकसष्टाव्या वर्षी आईला हे सांगायचं की मला परीक्षेला बसू देत नाहीत, यापेक्षा उसाचा रस सोपा होता.

सर्टिफिकेट हजेरी समितीकडे गेलं. समितीवर सुशांत सर होते. करार कायदा तेच शिकवतात. वय एकतीस. ते मला संकोचानं सर म्हणतात आणि मी त्यांना सर म्हणतो, त्यामुळे आमचं बोलणं बाहेरून ऐकणाऱ्याला नक्की कोण कुणाला शिकवतोय ते कळत नाही.

त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. सर्टिफिकेट समोर होतं.

"गवाणकर सर, अठरा ऑगस्टला तुम्हाला टायफॉइड होता?"

"हो सर."

"त्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. हरवलेला मुलगा शोधून आणणाऱ्याला बक्षीस जाहीर झालंय हे माहीत नसताना कुणी त्याला शोधून आणलं, तर त्याला बक्षीस मागता येतं का."

मला तो प्रश्न आठवत होता. चांगला प्रश्न होता.

"तास संपला होता," सर म्हणाले. "पोरं दप्तर भरत होती. तुमच्या प्रश्नामुळे सगळे आणखी दहा मिनिटं बसले. मी तारीख लिहून ठेवली, कारण मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं. घरी जाऊन वाचावं लागलं." त्यांनी कागद उलटवला. "आणि पाच सप्टेंबरला तुम्हाला कावीळ होती. शिक्षक दिनाला तुम्ही मला गुलाब दिलात. अख्ख्या वर्गात एकट्यानं."

मग माझ्या लक्षात आलं. "सर, म्हणजे मी हजर होतो."

"होतात ना. मी साक्ष देतो."

"मग झालं की."

"झालं कुठे?" सर अगदी व्याकूळ झाले होते. "तुम्ही हजर होतात म्हणजे हे खोटं आहे. आणि हे फाइलला लागलंय. त्याच्यावर इनवर्ड नंबर पडलाय."

मी पोस्टातला माणूस. इनवर्ड नंबर पडलेला कागद परत घेता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. छत्तीस वर्षांत मी अनेकांना तेच सांगत आलो होतो, आणि ते सांगताना मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. दोन दिवसांनी श्वेता मॅडमनी मला एक छापील पत्र दिलं. आपल्या पाल्याच्या वर्तनासंदर्भात पालकांनी समक्ष उपस्थित राहावे.

"माझी बायको येईल," मी म्हटलं.

"बायको पालकात येत नाही. आई, वडील किंवा लीगल गार्डियन. फॉर्ममध्ये तेवढंच आहे."

"मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"मला दिसतंय ना काका. पण पत्नी असं लिहिलं तर सिस्टीम पुढेच जात नाही. आई आहेत का तुमच्या?"

"आहेत."

"मग बरं झालं," श्वेता मॅडम मनापासून म्हणाल्या. "सोमवारी अकरा वाजता."

रविवारी दुपारी मी आईच्या शेजारी जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, आये, उद्या तुला माझ्या कॉलेजात यायचंय. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"कित्याक? बक्षीस मिळाला काय तुका?"

"नाही. बोलावलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला शेवटचं असं बोलावणं मी सातवीत असताना आलं होतं, विक्रोळीच्या म्युन्सिपालटीच्या शाळेतून. त्यालाही अठ्ठेचाळीस वर्षं झाली. पण तिचा चेहरा जसा झाला तो मी ताबडतोब ओळखला. तिनं तांदळाचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, गावच्या सोलांची, म्हणजे आमसुलांची, एक पुडी पिशवीत घालून ती आठ वाजल्यापासून तयार होऊन बसली. रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला होता. तिला तोल सावरायला हवा होता, की मी पळून जाईन असं वाटत होतं, ते मी विचारलं नाही.

आम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर निधी आणि आणखी दोन मुलं त्यांच्या आयांबरोबर बसली होती. मुलं माझ्याकडे, माझ्या आईकडे आणि परत माझ्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही. निधीनं उठून आईला जागा दिली, ते मला जास्त लागलं.

प्राचार्य अनुपमा मॅडम आईला पाहून उभ्या राहिल्या. बहुधा त्यांनी नावापुढचं जन्मसाल बघितलं नव्हतं. आईनं सोलांची पुडी टेबलावर ठेवली.

"घरची हत," ती म्हणाली. "आता सांगा बाई, ह्येनां काय केल्यान?"

मॅडमनी घसा साफ केला. हजेरी कमी आहे असं सांगितलं. खोटं सर्टिफिकेट दिल्याचं जरा हळू सांगितलं.

आई माझ्याकडे वळली. "तू सकाळी साडेसहाक डबो घेऊन जातंस. मी दार लावतंय तुझ्या मागसून. मगे खंय जातंस रे?"

केबिनमध्ये सुशांत सर होते, श्वेता मॅडम होत्या, चहा घेऊन आलेला शिपाई होता.

"वर्गातच जातो, आये."

"मगे ही बाई खोटां बोलता?"

"आजी, ते येतात," सुशांत सर मध्ये पडले. "रोज येतात. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही, एवढंच."

आईनं माझा उजवा हात ओढून घेतला. अंगठा उलटा केला, आपल्या अंगठ्यानं त्याच्यावरून फिरवून पाहिलं, जसं ती पूर्वी माझ्या बोटात काटा गेल्यावर बघायची. बराच वेळ तिला काही सापडेना.

"गुळगुळीत झालो हा," ती म्हणाली. "छत्तीस वर्सां लोकांची पत्रां वायली वायली केल्यान. झिजतलोच." मग तिनं हात सोडला आणि तिचा आवाज बदलला. "पण कावीळ झाली म्हणान कित्याक सांगलंस? माजो जीव अर्धो झालो. आठ दिस रस पाजलंय तुका. देवाक सांगणां केलंय मी."

मी मान खाली घातली. प्राचार्य मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे जरासे हलत होते.

मग निकाल झाला. सुशांत सरांच्या साक्षीवरून माझी हजेरी धरावी आणि हॉल तिकीट द्यावं. खोट्या सर्टिफिकेटबद्दल हमीपत्र घ्यावं, त्यावर पालकांची सही. श्वेता मॅडमनी सवयीनं शाईचा पॅड पुढे केला. आईनं तो बोटानं मागे सरकवला.

"माका सही येता," ती म्हणाली आणि तिनं पेन घेतलं. आडव्या रेघेपासून सुरुवात करून तिनं एकेक अक्षर टांगल्यासारखं काढलं. श्रीमती मालन सीताराम गवाणकर. सव्वा मिनिट लागलं. सगळे थांबले होते. हमीपत्रात लिहिलं होतं की माझ्या पाल्याच्या वर्तनाची यापुढील जबाबदारी माझी राहील. मी ते तिला वाचून दाखवलं नाही.

मी परीक्षेला बसलो. पास झालो, करार कायद्यात त्रेसष्ट मिळाले. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण अनुपमा मॅडमनी ती गांभीर्यानं घेतली होती. त्यांनी चौकशी केली आणि त्यांना अंगठेवाल्या मुलांचा पत्ता लागला. पुढच्या सत्रात यंत्र काढलं. सरांनी वर्गात नाव घेऊन हजेरी घ्यायची, असं ठरलं. शिवाय जो गैरहजर असेल त्याच्या पालकांना दुपारी एक वाजता रेकॉर्ड केलेल्या आवाजात फोन जाणार. माझ्या नावापुढे पालक म्हणून आईचा बटणांचा मोबाईल नोंदवला गेला.

पहिल्याच दिवशी कळलं की आमच्या वर्गात बाक चौसष्ट जणांनाच पुरतात. उरलेले भिंतीला टेकून उभे. एकशे वीस नावं घ्यायला पंचवीस मिनिटं लागायची, कारण प्रत्येकाकडे मान वर करून बघायचा मॅडमचा आदेश होता. मग कुणीतरी उशिरा यायचं, की मागे जाऊन पुन्हा. सुशांत सर नावं घेऊन दमायचे, पाणी प्यायचे आणि उरलेल्या वेळात एखादी व्याख्या सांगायचे. जानेवारीत सुरू केलेला हमीचा करार फेब्रुवारी संपत आला तरी दुसऱ्या कलमावरच होता. हजेरी मात्र सत्त्याण्णव टक्के झाली. कॉलेजनं तिचा तक्ता करून जिन्यात लावला.

या सगळ्याचं श्रेय वर्गानं मला दिलं. पवईचा मुलगा माझ्या शेजारी उभा राहायचा आणि काहीही न बोलता मोठ्यानं श्वास सोडायचा. वकिलाच्या ऑफिसातली निधीची नोकरी जाता जाता वाचली, ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. घरी मृणालिनीनं सांगून ठेवलं होतं, "आता आईंची सही आहे त्या कागदावर. एक दिवस जरी चुकलात तर पुस्तकं माळ्यावर."

मार्चमध्ये चाचणीच्या आदल्या दिवशी मी साडेसातला पोचलो तर निधी फाटकाशी उभी होती. "काका," ती म्हणाली, "उद्या हमीवर प्रश्न आहे आणि कुणाला काही येत नाही. तुमच्या वहीत असेल ना? चला ना कॅन्टीनला. आठ जण आहोत."

"हजेरी?" मी विचारलं.

"यार काका," निधी म्हणाली.

वर खिडकीतून सुशांत सरांचा आवाज येत होता. आडनावं अ वरून सुरू झाली होती. मी दोन पायऱ्या चढलो, थांबलो आणि उतरलो.

कॅन्टीन मी आठ महिन्यांत पहिल्यांदा आतून पाहिलं. मुलांनी टेबलं जोडली. मी त्यांना ऋणको, धनको आणि जामीन साखर, दूध आणि चहाचे पेले मांडून समजावले. पवईच्या मुलानं तीन शंका काढल्या, तिन्ही चांगल्या होत्या. जामिनाची सुटका कधी होते ते सांगताना शेजारच्या टेबलावरची दुसऱ्या वर्षाची मुलंही खुर्च्या ओढून आली. साडेबारा कधी वाजले कळलं नाही. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही आणि कुणी उठूनही गेलं नाही. मी मिसळ खाल्ली, चहा तीनदा घेतला.

घरी येईपर्यंत दीड वाजला. आई हॉलमध्ये फोन मांडीवर घेऊन बसली होती. स्वयंपाकघरात मृणालिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता. आईनं बोटानं मला जवळ बोलावलं.

"त्या बाईचो फोन इल्लो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचा पाल्य आज गैरहजर आहे म्हणाली."

मी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "मग?"

"मी तिका सांगलंय, ताप इलो हा त्येका. झोपलो हा."

"आये, ते रेकॉर्डिंग असतं. तिला ऐकू येत नाही."

"तरीच," आई म्हणाली. "काय्येक बोलली नाय. तशीच ठेवल्यान." मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "खंय गेल्लंस?"

"कॅन्टीनला. मुलांना शिकवत होतो."

"खाल्लंस काय?"

"मिसळ."

तिनं मान हलवली. तेवढ्यात मृणालिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "आज उशीर झाला? हजेरीच घेत होते की शिकवलं काही?"

मी तोंड उघडलं. पण आई माझ्या आधी बोलली.

"आज खूप शिकवल्यानी," ती म्हणाली. "दमलो हा तो. चाय दी त्येका."

मृणालिनी आत गेली. मी आईशेजारी खुर्चीत बसून राहिलो आणि थोड्या वेळानं दिवसाचा चौथा चहा प्यायलो.